दहा बाय अकराची जेवणाची खोली: टेबल केवढं, भिंत पाडावी का आणि पंगत कुठं बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात रो-हाउसचं काम चालू आहे. पुढं दहा बाय चौदाचा हॉल, मागं स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मधे दहा बाय अकराची खोली. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको आणि दोन मुलं. विचारणाऱ्या ताईंना ग्रॅनाइटचं सहा खुर्च्यांचं टेबल हवंय. सासरे म्हणतात, मांडी घातल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही. नवऱ्याला मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचाय. सुतार म्हणतो, पाच बाय तीनचं टेबल आरामात बसेल. शिवाय वर्षातून चार-सहा वेळा बारा-पंधरा पाहुणे जेवायला असतात.

सुताराचं म्हणणं खरं आहे, टेबल बसेल. पण माणसं बसल्यावर त्यांच्या पाठीमागून गरम भाकरी घेऊन कुणाला जाता येईल का, हा हिशेब वेगळा, आणि तो कुणीच आधी मांडत नाही. म्हणून टेबलापासून सुरुवात करू नका, ताटापासून करा.

आपल्याकडचं ताट बारा ते तेरा इंचांचं. रविवारचं मटणाचं जेवण धरा. ताटात सुकं, भाकरी, भात, कांदा-लिंबू. तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या ताटातच ठेवल्या तर भाकरी चुरायला जागा उरत नाही, म्हणून त्या बाहेर येतात. शेजारी पाण्याचं भांडं. एका माणसाला एवढं मांडायला आणि कोपर हलवायला रुंदीत २४ इंच लागतात. पाच फुटी टेबलाच्या एका बाजूला तीन माणसं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० इंच येतात. दुकानात खुर्च्या मांडून दाखवतात तेव्हा ते छान दिसतं, कारण तिथं समोर ताट नसतं. तीन माणसांची बाजू सहा फुटांखाली नको.

आता आडवं माप. तीन फुटी, म्हणजे ३६ इंची टेबलावर समोरासमोर दोन ताटं मांडा. कडेपासून एक इंच सोडून तेरा इंचांचं ताट, तसंच पलीकडून. २८ इंच गेले, मधे उरले आठ. रश्श्याचं पातेलं नऊ-दहा इंचांचं असतं. ते मधे बसत नाही, मग कुणाच्या तरी कोपराशी जातं आणि तिथंच सांडतं. ४२ इंच रुंदी घेतली की मधे चौदा इंचांची पट्टी मिळते. दोन पातेली, भाकरीची बुट्टी आणि लोणच्याची बरणी ओळीनं मावतात. त्याहून रुंद टेबल मात्र नको, मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा हात मधल्या पातेल्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा माप ठरलं: सहा फूट बाय साडेतीन फूट, उंची जमिनीपासून टेबलाच्या वरपर्यंत ३० इंच.

हे टेबल खोलीच्या बरोबर मधे ठेवलंत तर फसाल. खोलीची रुंदी १२० इंच, टेबल ४२, दोन्ही बाजूंना राहिले ३९-३९. जेवायला बसलेला माणूस खुर्चीसकट टेबलाच्या कडेपासून २४ इंच जागा धरतो. त्याच्या पाठीमागं उरले १५ इंच. तेवढ्यातून आडवं होऊन जाता येतं, हातात कढई घेऊन नाही. आणि तुमची खोली हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे आहे. म्हणजे ती नुसती जेवणाची खोली नाही, घराची वाट आहे. सोपा म्हणजे ओसरी पुढं, चूल मागं आणि माजघर मधे, ही जुन्या घराची रचना तुमच्या नकाशात आपसूक आलेली आहे. माजघरात टेबल-खुर्च्या नव्हत्या, जेवण झालं की पाट भिंतीला उभे केले की वाट मोकळी. टेबल तसं उभं करता येत नाही.

यावर उपाय म्हणजे एका बाजूला खुर्च्यांऐवजी भिंतीला धरून बाक करा. बाकाला मागं ओढायची जागा लागत नाही. अकरा फुटी भिंतीला लागून २४ इंच खोल बाक, टेबलाची कड त्यावर तीनेक इंच आलेली. म्हणजे भिंतीपासून २१ इंचांवर टेबल सुरू होतं, ६३ वर संपतं आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत ५७ इंच राहतात. खुर्चीवरच्या माणसाचे २४ गेले तरी ३३ इंचांची, म्हणजे पावणेतीन फुटांची वाट शिल्लक राहते. एक माणूस पातेलं घेऊन सरळ चालत जाईल. जेवण झाल्यावर खुर्च्या आत सरकवल्या की वाट चार फुटांपर्यंत जाते.

हा बाक सासऱ्यांचा प्रश्नही सोडवतो, आणि खरं सांगायचं तर तेच त्याचं मोठं काम. मांडी घालून बसणाऱ्यांना त्रास बसण्याचा कमी आणि जमिनीवरून उठण्याचा जास्त असतो. १७ इंच उंचीच्या बाकावर मांडी घातली की उठताना पाय खाली सोडायचे आणि उभं राहायचं. फक्त त्यासाठी चार मापं पाळावी लागतात. बाकाची खोली २४ इंच हवी, नेहमीच्या १८ इंची बाकावर मांडी बसत नाही. मांडी घातलेला माणूस रुंदीत ३० इंच धरतो, म्हणून सासऱ्यांची जागा बाकाच्या टोकाला ठेवा आणि उरलेल्या साडेतीन फुटांत दोन्ही मुलं बसवा. बाकाची बैठक आणि टेबलाखालची पट्टी यांत नऊ इंच अंतर हवं, नाहीतर गुडघा अडकतो. सुताराला सांगा की बाकाच्या बाजूची पट्टी कडेपासून सहा इंच आत घे. आणि टेबलाचे चार पाय चार कोपऱ्यांत नकोत. दोन टोकांपासून दहा-दहा इंच आत एकेक जाड आधार द्या, म्हणजे बाकावर आत सरकताना पाय आडवा येत नाही. पाय सोडून बसणाऱ्याला २४ इंच खोली जास्त होते, त्याच्या पाठीला चार-पाच इंची तक्क्या द्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा डॉक्टरांनी मांडीच नको म्हणून सांगितलेल्या माणसाला हा बाक नको. त्याला हातांची, १८ इंच उंचीची खुर्ची. खुर्चीचे हात टेबलाच्या पट्टीखाली जातात ना, एवढं घेताना बघा.

बाकाच्या पोटात पेटी करायचा मोह सगळ्यांना होतो. करा, पण रोजची वस्तू तिथं ठेवू नका. वरचं झाकण उघडायला बसलेल्याला उठवावं लागतं, आणि पुढून ड्रॉवर केला तर तो टेबलाच्या पायाला अडतो. पाट, पत्रावळ्या, मोठी परात, सणाची पितळी भांडी, एवढ्यासाठीच ती जागा. पेटीच्या मागच्या आणि बाजूच्या फळीला भोकं पाडायला विसरू नका. जून ते सप्टेंबर बंद पेटीत दमट वास धरतो आणि पाटांना बुरशी येते.

टेबल लांबीत कुठं ठेवायचं? खोली १३२ इंच, टेबल ७२. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे ३६ इंच सोडा आणि तिथं एक खुर्ची ठेवा. हॉलच्या बाजूला २४ इंच राहतील, तिथं खुर्ची नको. बाकावर तीन, समोर तीन, टोकाला एक अशी सात माणसं बसतात. घरची सहा आणि एक पाहुणा.

आता भिंती. दोन्ही भिंतींचं उत्तर वेगवेगळं आहे.

हॉलकडची भिंत पूर्ण पाडू नका. साडेपाच फूट उघडा, वाटेच्या बाजूनं. बाकाकडची साडेचार फूट भिंत राहू द्या. दारात कुणी आलं तर जेवणाऱ्याचं ताट थेट दिसू नये, ही घरातल्या मोठ्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. कुरिअरवाला दारात आणि आपण हाड चोखतोय, हे कुणालाच नको असतं. शिवाय तेवढी भिंत टीव्हीचा आवाज अडवते आणि टीव्ही जेवणाऱ्यांच्या नजरेआड ठेवते. चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या की ठसका कुठवर जातो हे सांगायला नको. पूर्ण मोकळ्या घरात तो सोफ्याच्या कापडात जाऊन बसतो. उघड्या भागाला सरकतं दार केलं तर त्या दिवसापुरतं बंद करता येतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीत मात्र वाटेच्या बाजूला दार आणि बाकाच्या बाजूला वाढपाची खिडकी काढा. आपल्याकडं भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. ती करणारी बाई तव्यापाशी उभी असते, बाकीचे जेवत असतात आणि तिचं ताट शेवटी. जेवणाची खोली स्वयंपाकघरापासून तोडली की ती एकटी पडते आणि प्रत्येक भाकरीमागं आत-बाहेर फेऱ्या होतात. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच खिडकी असली तर भाकरी खिडकीत ठेवायची, टोकाच्या खुर्चीवरच्यानं ती उचलून पुढं द्यायची. बोलणंही चालू राहतं. ती टोकाची खुर्ची शक्यतो घरच्या पुरुषाची असावी, हे आमचं मत, सल्ला नव्हे.

खिडकीची खालची कड कट्ट्याच्या बरोबरीनं घेऊ नका. कट्टा ३३-३४ इंच असेल तर खिडकी ४२ इंचांवर सुरू करा. सपाट घेतली की कट्टा धुताना पाणी पलीकडं बाकावर उतरतं. खाली बारा इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी टाका, दोन पातेली आणि बुट्टी ठेवायला तेवढी पुरते. गॅस खिडकीच्या समोर नको, दोन फूट तरी बाजूला. वारा ज्योत हलवतो आणि फोडणीचे शिंतोडे बाकावर बसलेल्यावर उडतात. काचेची सरकती दारं बसवली तर तळणाच्या वेळी बंद करता येतात.

भिंत फोडण्याआधी तिची जाडी मोजा. आरसीसी खांबांच्या घरात साडेचार इंची आतली भिंत बहुतेक वेळा नुसती आड असते. नऊ इंची असेल तर तिच्यावर भार असू शकतो, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नका. दोन्ही ठिकाणी वर लिंटेल, म्हणजे भिंत पेलणारी आडवी तुळई, हवाच, उघडण्याच्या दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच भिंतीवर टेकलेला. “तीन फुटाला काय लिंटेल लागतोय” असं गवंडी म्हणतो. वर्षा-दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाते, तेव्हा तो नसतो.

पंगतीचं काय? आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, श्रावणातलं सत्यनारायण, नवरात्र, एखाद्याचं बारसं. अशा दिवशी टेबल हलवायची गरजच नाही. पंगत हॉलमध्ये बसवा आणि या खोलीला वाढपाची खोली करा. पंगतीत एका माणसाला दोन फूट रुंदी आणि साडेतीन फूट खोली लागते: दोन फूट बसायला, दीड फूट ताटाला. समोरासमोर दोन ओळींचे सात फूट आणि मधे वाढप्याला तीन फूट, मिळून दहा. तुमच्या हॉलची रुंदी नेमकी दहा आहे. चौदा फूट लांबीत एका ओळीला सात, म्हणजे एका पंगतीत चौदा. हॉलच्या मुख्य दारापुढची एखादी जागा जाईल, बारा-तेरा धरा. पातेली सगळी टेबलावर, वाढपी साडेपाच फुटांच्या उघडणीतून जातो-येतो. उघडणी याच मापाची सांगायचं हे दुसरं कारण: एक वाढपी रिकामं पातेलं घेऊन परत येताना दुसरा भरलेलं घेऊन निघालेला असतो. फक्त सोफा हलका आणि सुटा घ्या. भिंतीला ठोकलेला एल आकाराचा सोफा घेतला की पंगत अर्धी झाली म्हणून समजा.

उंबरठा दोन्ही उघडण्यांना नको. जुन्या घरात होता, त्याला अर्थ होता. हातात रश्श्याची बादली असताना मात्र अर्धा इंच चढसुद्धा ठेच लावतो.

आता ग्रॅनाइट. स्वयंपाकघराच्या कट्ट्याला त्याच्यासारखं काही नाही. टेबलाला आम्ही सहसा नको म्हणतो. सहा बाय साडेतीन म्हणजे २१ चौरस फूट. १८ मिलिमीटर जाडीचा तेवढा दगड ९५ किलोच्या आसपास भरतो. ते वजन पेलायला खालचा सांगाडा लोखंडाचा किंवा जाड सागाचा लागतो आणि एकदा ठेवलं की ते टेबल पुन्हा हलत नाही. स्टीलचं ताट टेकवताना दर वेळी आवाज होतो, कडेला पातेलं आपटलं की कपचा उडतो, थंडीत हात टेकवला की गार. घ्यायचंच असेल तर गडद घ्या. फिकट ग्रॅनाइट तेल पितो आणि तांबड्याचा तवंग रात्रभर राहिला तर सावलीसारखा डाग उरतो, त्यावर दरवर्षी सीलर मारावा लागतो. आधाराच्या बाहेर दहा इंचांपेक्षा जास्त दगड लोंबता ठेवू नका.

संगमरवराचा तर विचारच नको. तो मूळचा चुन्याच्या जातीचा दगड, आंबट लागलं की पृष्ठभाग खातो. आपल्या प्रत्येक ताटात लिंबाची फोड असते. लिंबाचा थेंब, दही, चिंच, कोकम, काहीही सांडलं की तिथली चकाकी जाते आणि तो डाग नसून झीज असल्यानं पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. काच, टफन केलेली बारा मिलिमीटर असली तरी, मुलांच्या घरात दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसावं लागतं.

राहिले दोन पर्याय: सागवान किंवा प्लायवर सनमायका.

सागाचं टेबल उत्तमच. कोल्हापूरच्या आसपास जुनी घरं, वाडे उतरवले की निघालेला साग मिळतो. तो पुरता वाळलेला असतो, ही त्याची खरी किंमत. घेताना तीन गोष्टी बघा. रुतलेले खिळे: न काढता रंधा लावला तर सुताराचं पातं तुटतं आणि त्या जागी लाकूड काळं पडलेलं असतं. बारीक भोकं: त्यांतून ताजी पिवळी पूड पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. आणि फिकट रंगाची बाहेरची लाकडाची पट्टी: ती गाभ्याएवढी टिकत नाही, कापून टाका.

सागाच्या टेबलाला लोक एकाच ठिकाणी फसतात, वरची फळी खालच्या सांगाड्याला घट्ट स्क्रू मारून बसवतात. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. ४२ इंच रुंदीत हा फरक लाकूड कसं चिरलंय त्यावर ४ ते ८ मिलिमीटर असू शकतो. फळीला सरकायला जागा नसली की एप्रिल-मेमध्ये स्क्रूच्या ओळीतून सरळ चीर जाते आणि दोष लाकडाला दिला जातो. सांगाड्याच्या पट्टीत स्क्रूचं भोक गोल न पाडता रुंदीच्या दिशेनं लांबट पाडायचं, दहा-बारा मिलिमीटरचं, आणि स्क्रूखाली वायसर घालून बेतानं आवळायचं. नाहीतर पट्टीत खाच पाडून झेड क्लिप, म्हणजे झेड आकाराच्या धातूच्या क्लिपा, वापरायच्या. सुताराला हे आधीच सांगा, टेबल झाल्यावर सांगून उपयोग नाही.

पॉलिशमध्ये लाखेचं स्पिरिट पॉलिश जेवणाच्या टेबलाला घालू नका. गरम पातेलं ठेवलं की पांढरं कडं उमटतं: वाफ पॉलिशच्या थरात अडकते. हलकं असेल तर दोन-चार दिवसांत आपोआप जातं, खोल असेल तर तो भाग घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो. मेलामाइन त्याहून बरं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सगळ्यांत टिकाऊ. पण कुठल्याही पॉलिशवर कुकर थेट गॅसवरून आणून ठेवायचा नसतो. लोखंडी किंवा लाकडी अडण्या चार-पाच करून घ्या आणि टेबलावरच ठेवा. कपाटात ठेवलेली अडणी कुणी काढत नाही.

रोजच्या सहा माणसांच्या राबत्याला, त्यात दोन मुलं, आमचं मत सनमायकाच्या बाजूनं झुकतं. टेबलाचे पाय, सांगाडा आणि कडेची पट्टी सागाची, मधला भाग प्लायचा. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन दर्जाचा, १९ अधिक १२ मिलिमीटर चिकटवून. साधा कमर्शियल प्लाय पुसण्याच्या पाण्यानं दोन-तीन पावसाळ्यांत कडेला सुटायला लागतो. सनमायका वर एक मिलिमीटरचा, मॅट, गडद. आणि खालच्या बाजूलाही, हलक्या दर्जाचा का असेना, पण लावाच. एकाच बाजूला लावला की दोन बाजू वेगवेगळ्या दमट होतात आणि फळी वाकते, वाटी एकीकडं घसरायला लागते. कडेला सनमायकाची चिंधी चिकटवायची नाही, तिथं सागाची एक इंची पट्टी बसवायची. हात, पाणी आणि तेल सगळ्यांत जास्त कडेलाच लागतं.

हळदीचा पिवळा डाग कशावरही पडतो. साबणानं पुसून घ्या आणि राहिला तर त्यावर ऊन येऊ द्या. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो, घासून सनमायका खरवडायची गरज नाही.

खुर्च्यांबद्दल एवढंच. मोडते ती नेहमी मागच्या पायाच्या जोडापाशी, कारण मुलं मागच्या दोन पायांवर झुलतात. पट्टी पायात खाच पाडून बसवलेली आणि आतल्या चारही कोपऱ्यांत ठोकळे स्क्रूनं मारलेले असावेत. खुर्ची उलटी करून बघा, नुसते खिळे दिसले तर घेऊ नका. बैठक स्क्रूनं सुटणारी आणि रेक्झिनची घ्या, कापड रश्श्याला टिकत नाही. पायांना नायलॉनचे किंवा रबरी बूट लावा. फेल्टचे चिकटवलेले तुकडे रोजच्या ओल्या फरशीनं सुटतात आणि त्यांत खडे अडकून फरशीवर ओरखडे पडतात.

दिवा आणि पंखा यांचं ठिकाण आत्ताच इलेक्ट्रिशियनला खूण करून द्या, नंतर ते जमत नाही. तो सवयीनं पंखा खोलीच्या बरोबर मधे घेणार. तुमचं टेबल मधे नाही, बाकाकडं सरकलेलं आहे. टेबलाचा मध्य बाकाच्या भिंतीपासून ४२ इंचांवर, खोलीचा मध्य ६० वर. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून २४ इंच फिरतं. म्हणजे टेबलावर सोडलेल्या दिव्याची वायर पात्याच्या घेऱ्यात येते. पंखा टेबलाच्या मध्यापासून तीन फूट वाटेकडं सरकवा, पातं आणि दिवा यांत फूटभर अंतर राहील. याचा दुसरा फायदा जेवताना कळतो. डोक्यावर सरळ पंखा असला की भाकरी कडक होते आणि मटणाच्या रश्श्यावर चरबी थिजायला लागते.

दिवे दोन, एकमेकांपासून तीन फुटांवर, टेबलापासून ३० ते ३४ इंच वर. त्याखाली आले तर समोरच्याचं तोंड झाकतं, वर गेले तर डोळ्यांत येतात. रंग ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर घ्या. ६५०० चा पांढराफटक दिवा लावला की तांबडा रस्सा मातकट दिसतो आणि पांढरा निळसर. छतावरच्या ट्यूबखाली पंखा नको. पात्यांची सावली ताटावर फिरत राहते. दोन्ही दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

हात धुवायचं बेसिन या खोलीत बसवू नका. खाकरण्याचा आवाज जेवणाऱ्याला नको असतो आणि तेवढी वाटही नाही. जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी घ्या, उंची ३२ इंच. मटणाच्या दिवशी त्यात तेलकट हात धुतले जातात, म्हणून पुढचा पाइप ४० मिलिमीटरचा आणि ४० ला १ उताराचा. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हातानं उघडता येईल असा ठेवा, पाणी तुंबतं ते तिथंच.

फरशी मॅट घ्या, चकचकीत व्हिट्रिफाइडवर तेलाचा एक थेंब पुरतो. सांध्यात इपॉक्सी भरा, साधा पांढरा सिमेंट वर्षात हळदीच्या रंगाचा होतो. बाकामागच्या भिंतीला तीन-साडेतीन फुटांपर्यंत धुता येणारा रंग.

घर पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात येत असेल, म्हणजे २०१९ किंवा २०२१ ला तिथं पाणी आलं असेल, तर वरचा एक भाग बदला. तळमजल्यावर प्लायचा बाक करू नका. विटांच्या दोन भिंती आणि वर कडप्पा, असा बाक बांधा, त्यावर गादी. टेबल सागाचं, पाय ८ मिलिमीटरच्या बोल्टनं सुटणारे, म्हणजे चार माणसांनी तासाभरात वर नेता येईल. त्या खोलीतले प्लगही साडेतीन फुटांच्या वर घ्या.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. खोलीतल्या कोब्यावर खडूनं बाक, टेबल, खुर्च्या आणि पंखा मापात आखा. बाकाच्या जागी विटा रचून १७ इंच उंची करा, सासऱ्यांना त्यावर मांडी घालायला सांगा आणि तुम्ही वाटेनं परात घेऊन दोनदा जा. गुडघा आणि परात कुठं अडते ते कागदावर लिहून सुताराला द्या. आणि स्वयंपाकघराकडची भिंत साडेचार इंची आहे की नऊ, तेवढं आजच मोजून ठेवा, कारण खिडकीचं काम प्लास्टरच्या आधी झालं पाहिजे.